मदतीआधी पत्ता : पुण्यातील विद्यापीठ-आवारात आणीबाणीसाठी करावयाची तयारी

काही वर्षांपूर्वी, जून महिन्यातल्या एका संध्याकाळी, मी ज्या महाविद्यालयात शिकवत होतो तेथील प्रयोगशाळेच्या जिन्यावर एक विद्यार्थी कोसळला. आसपास पंधरा-वीस जण होते, प्रत्येकाच्या खिशात मोबाइल होता, आणि त्यांपैकी दोघा-तिघांनी तत्काळ १०८ ला फोनही लावला. पलीकडून पहिला प्रश्न आला, ‘नेमके कुठे?’ इकडून उत्तर गेले, ‘कॉलेजमध्ये, मागच्या बिल्डिंगजवळ.’ रुग्णवाहिका वेळेत आली. मात्र ती आली मागच्या फाटकाशी, आणि त्या फाटकाला सायंकाळी सहानंतर कुलूप असते हे आमच्यापैकी कोणाच्याही ध्यानात आले नव्हते. किल्ली ज्याच्याकडे होती तो रखवालदार चहाला गेला होता. मुलगा वाचला; पण कुलपाच्या अलीकडे आणि पलीकडे उभ्या असलेल्या माणसांनी एकमेकांकडे पाहत घालवलेली ती मिनिटे मला अजून आठवतात.

पुढे वसतिगृहाचा रेक्टर म्हणून काम करताना आगीचे, सापाचे, पावसाचे अनेक प्रसंग पाहिले. औषध किंवा उपकरण हाताशी नव्हते म्हणून खोळंबा झाल्याची उदाहरणे त्यांत थोडी होती. आपण कोठे आहोत, कोणते दार उघडते आणि किल्ली कोणाकडे आहे हे ठाऊक नसल्यामुळे उडालेले गोंधळ मात्र पुष्कळ होते. म्हणून या लेखात प्रथमोपचार नंतर येतील. आधी पत्त्याचे पाहू.

पहिली पायरी : स्वतःचा पत्ता दोन ओळींत लिहिणे

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचे गणेशखिंडीतील आवार ४०० एकरांहून मोठे आहे. एके काळी मुंबई इलाख्याच्या गव्हर्नरांचे निवासस्थान असलेली मुख्य इमारत, जयकर ग्रंथालय, डझनावारी विभाग, वसतिगृहे आणि ‘आयुका’सारख्या संशोधनसंस्था या एकाच झाडीत विखुरलेल्या आहेत. अशा ठिकाणी ‘विद्यापीठात या’ असे सांगणे म्हणजे ‘सदाशिव पेठेत या’ असे सांगण्यासारखे आहे. रुग्णवाहिकेच्या चालकाला उपयोगी पडणारा पत्ता तीन भागांचा असतो : कोणत्या प्रवेशद्वाराने आत यायचे, आत आल्यावर कोणत्या ठळक खुणेकडे वळायचे, आणि इमारतीत कोणत्या मजल्यावर, जिन्याच्या कोणत्या हाताला पोहोचायचे. आपली खोली, आपला वर्ग आणि आपण सर्वाधिक वेळ जेथे बसतो ते ठिकाण, अशा तीन जागांचे असे पत्ते मराठीत आणि हिंदीत कागदावर लिहून काढावेत. लिहायला बसल्यावर लक्षात येते की विभागाच्या इमारतीचे नाव आपल्याला माहीत नसते. आपण तिला ‘कॅन्टीनच्या समोरची’ एवढेच म्हणत असतो.

त्यानंतर एकदा दिवसा आणि एकदा रात्री दहानंतर आवाराला फेरी मारावी. दिवसा उघडी दिसणारी किती फाटके रात्री बंद असतात, कोणत्या फाटकावर माणूस असतो, कोणत्या रस्त्यावर वाहने अडवण्यासाठी साखळी किंवा खांब लावलेले आहेत, हे पाहून ठेवावे. विद्यापीठ चौकातील जुना उड्डाणपूल २०२० मध्ये पाडला गेल्यापासून मेट्रो आणि नव्या पुलाच्या कामामुळे तेथील वळणे वारंवार बदलत आली आहेत. बाहेरून येणाऱ्या चालकाचा नकाशा आणि आजचा रस्ता जुळेलच असे नाही. म्हणून फोन लावल्याबरोबर एका माणसाने फाटकावर जाऊन उभे राहायचे, दुसऱ्याने इमारतीच्या दाराशी थांबून लिफ्ट अडवून ठेवायची, आणि तिसऱ्याने रुग्णाजवळून हलायचे नाही. ही कामे ‘कोणीतरी जा रे’ असे ओरडून होत नाहीत. नाव घेऊन, बोट दाखवून सांगावी लागतात.

फोनवर बोलताना पत्ता सर्वांत आधी सांगावा, कारण मध्येच फोन कटला तरी गाडी निघालेली असते. त्यानंतर काय झाले, किती जण आहेत, माणूस शुद्धीवर आहे का आणि श्वास चालू आहे का, हे सांगावे. आणि पलीकडच्या व्यक्तीने ‘ठेवा’ म्हणेपर्यंत फोन ठेवू नये.

दुसरी पायरी : क्रमांक, आणि तेही कागदावर

पोलीस, अग्निशमन आणि वैद्यकीय मदत या तिन्हींसाठी ११२ हा एकच क्रमांक पुरेसा आहे. थेट रुग्णवाहिकेसाठी १०८, अग्निशमन दलासाठी १०१, महिलांसाठी १८१, स्वयंपाकाचा गॅस गळत असेल तर १९०६, महावितरणची तार तुटून पडली असेल तर १९१२, ऑनलाइन फसवणुकीसाठी १९३० आणि मानसिक आधारासाठी ‘टेलीमानस’चा १४४१६, हे क्रमांक मोबाइलमध्ये असतातच; परंतु बॅटरी संपलेली असते तीही नेमकी अशाच वेळी. एका जाड कागदावर हे क्रमांक, त्याखाली आपल्या संस्थेच्या सुरक्षा कक्षाचा, आरोग्य केंद्राचा व रेक्टरचा क्रमांक, आपला रक्तगट, चालू औषधे, कशाची ॲलर्जी आहे ते आणि घरच्या दोघांचे क्रमांक लिहून तो कागद ओळखपत्राच्या पाकिटात मागच्या बाजूने सरकवून ठेवावा. घरच्यांचे क्रमांक पाठ असावेत असे मी म्हणतो तेव्हा मुले हसतात. आईचा नंबर न बघता सांगा असे म्हटले की निम्म्या वर्गाचे हसू मावळते.

मोबाइलच्या सेटिंगमध्ये आपत्कालीन माहितीचा रकाना असतो. तो भरला की कुलूपबंद पडद्यावरूनही रक्तगट आणि नातेवाइकाचा क्रमांक दुसऱ्याला पाहता येतो. बहुतेक फोनमध्ये पॉवरचे बटण ठरावीक वेळा भराभर दाबले की आपत्कालीन फोन लागतो. आपल्या फोनमध्ये ते किती वेळा दाबावे लागते हे आजच पाहावे, मात्र करून पाहण्यासाठी ११२ ला विनाकारण फोन लावू नये.

नांदेड, गडचिरोली किंवा त्याहूनही दुरून, थेट इंफाळ वा काबूलहून आलेल्या विद्यार्थ्याला पुण्यातल्या खुणा आणि बोलण्याची लकब दोन्ही नवी असतात. खोलीतला जोडीदार असा असेल तर त्याच्यासाठी पत्त्याची चिठ्ठी त्याला वाचता येईल अशा लिपीत, पण उच्चार मराठी ठेवून लिहून द्यावी.

तिसरी पायरी : खोली, आग आणि कुलूप

वसतिगृहात आग लागते ती बहुतेक वेळा अगदी साध्या कारणांनी. थंडीच्या सकाळी प्लॅस्टिकच्या बादलीत पाणी तापवायला रॉड टाकायचा, ‘आलोच’ म्हणून शेजारच्या खोलीत जायचे आणि गप्पांत विसरायचे, हा प्रकार मी इतक्या वेळा पाहिला आहे की डिसेंबर लागला की माझे नाक आपोआप जळक्या प्लॅस्टिकचा वास शोधू लागते. पाणी आटले की रॉड उघडा पडतो, बादली वितळते आणि कडेला वाळत घातलेला टॉवेल पेट घेतो. रॉड चालू असताना पाण्यात बोट घालून ‘तापले का’ पाहणे तर थेट जिवाशी खेळ आहे : आधी बटण बंद, मग पिन बाहेर, त्यानंतर हात. एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर किटली, इस्त्री आणि लॅपटॉप लावू नये. फुगलेली बॅटरी असलेला फोन किंवा पॉवर बँक उशाशी ठेवून, गादीवर चार्जिंगला लावून झोपू नये. विजेवर चालणाऱ्या दुचाकीची बॅटरी काढून खोलीत किंवा जिन्याखाली रात्रभर चार्ज करू नये. खोलीचा वीजपुरवठा तोडणारे एमसीबीचे बटण कोठे आहे, हे मजल्यावरच्या प्रत्येकाला माहीत असले पाहिजे.

त्यानंतर बाहेर पडण्याची वाट. आपल्या खोलीपासून जिन्यापर्यंत किती दारे लागतात ती मोजावीत, कारण धुरात डोळ्यांचा उपयोग होत नाही; भिंतीला हात लावून ‘चौथ्या दारानंतर डावीकडे’ एवढेच उपयोगी पडते. दुसरा जिना असेल तर त्यानेही एकदा खाली उतरून पाहावे. बऱ्याच ठिकाणी तो जिना मोडक्या खाटा, जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे आणि सायकलींनी भरलेला आढळतो, आणि खालच्या दाराला कुलूप असते. विद्यार्थिनींच्या वसतिगृहांत रात्री जाळीच्या सरकत्या फाटकाला कुलूप लावण्याची प्रथा सुरक्षेच्या नावाखाली चालते. पण आग लागली तर तेच कुलूप जिवावर उठते, असे माझे स्पष्ट मत आहे. फाटक बंद ठेवायचेच असेल तर त्यामागे रात्रभर जागा असणारा माणूस हवा, किल्ली त्याच्या कमरेला हवी, आणि दुसरी किल्ली मजल्यावर काचेच्या पेटीत हवी. ही मागणी विद्यार्थ्यांनी लेखी करावी, अर्जाची पोच घ्यावी आणि महिनाभराने पुन्हा विचारावे.

हीच गोष्ट पेठांतल्या अभ्यासिकांची. स्पर्धा परीक्षेसाठी आलेली हजारो मुले सदाशिव, नारायण आणि शनिवार पेठांत जेथे बसतात, त्यांतल्या अनेक जागा जुन्या वाड्यांच्या जागी उठलेल्या इमारतींच्या वरच्या मजल्यांवर आहेत : एकच अरुंद जिना, जिन्याखाली विजेचे मीटर, मीटरला टेकून लावलेल्या दुचाकी, आणि वर प्लायवूडच्या कप्प्यांत खुर्चीला खुर्ची लावून बसलेले साठ जण. आग मीटरला लागली तर वाट तीच अडते. अभ्यासिकेची फी भरण्याआधी वाय-फायचा वेग सगळेच विचारतात. त्याच वेळी दुसरा जिना, गच्चीचे उघडे दार आणि अग्निशामक नळकांडे आहे का, हेही विचारावे. गच्चीला कुलूप आणि खिडक्यांना पक्के गज असतील तर मी स्वतः तेथे मुलाला बसवणार नाही.

प्रत्यक्ष आग दिसली तर प्रथम ओरडून आणि दारे ठोठावून सर्वांना उठवावे, मग फोन. आग केराच्या टोपलीएवढी असेल, पाठीमागे बाहेर पडायची वाट मोकळी असेल, तरच नळकांडे हातात घ्यावे. आधी दाबमापकाचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे का ते पाहावे (हे खरे तर दर महिन्याला पाहायचे असते), मग पिन ओढावी, तोटी आगीच्या ज्वाळेवर न रोखता तिच्या बुडाशी रोखावी, मूठ दाबावी आणि झाडू मारल्यासारखी तोटी डावी-उजवीकडे फिरवावी. भिंतीवरचे नेहमीचे नळकांडे काही सेकंदांतच रिकामे होते. तेवढ्यात आग विझली नाही तर ते टाकून बाहेर पडावे आणि जाताना दार ओढून घ्यावे. विजेच्या किंवा तेलाच्या आगीवर पाणी मारू नये. धूर असेल तर गुडघ्यांवर रांगत जावे, कारण श्वास घेण्याजोगी हवा जमिनीलगत उरते. लिफ्ट वापरू नये. दाराची मूठ हाताच्या पाठीमागच्या बाजूने चाचपावी. ती तापलेली असेल तर दार न उघडता फटीत ओले टॉवेल, चादरी कोंबाव्यात, खिडकीशी यावे आणि रंगीत कापड हलवून आपण आत आहोत हे दाखवावे. अंगावरच्या कपड्यांनी पेट घेतला तर धावू नये. जमिनीवर आडवे होऊन लोळावे. भाजल्यावर टूथपेस्ट, हळद, शाई यांपैकी काहीही लावू नये, वीस मिनिटे नळाचे साधे पाणी सोडत राहावे.

प्रयोगशाळेबद्दल थोडक्यात सांगतो, कारण तेथील नियम तेथेच लिहिलेले असतात आणि विद्यार्थी ते पाठ करून परीक्षेत लिहितातही. डोळ्यात रसायन उडाले तर पापण्या बोटांनी उघड्या धरून किमान पंधरा मिनिटे वाहत्या पाण्याखाली डोळा धरावा. दोन मिनिटांत ‘बरे वाटते’ म्हणून थांबू नये. प्रयोगशाळेत एकट्याने रात्री काम करू नये. डोळे धुण्याच्या नळाला पाणी येते का, हे सत्राच्या पहिल्या दिवशी उघडून पाहावे.

चौथी पायरी : वळीव, वीज आणि पाणी

पुण्याचा पाऊस गोडगोजिरा आहे ही समजूत आता सोडून द्यायला हवी. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटले ते जुन्या माणसांच्या बोलण्यात अजून आहे. पण विद्यार्थ्यांनी २५ सप्टेंबर २०१९ ची रात्र लक्षात ठेवावी, कारण त्या दिवशी धरण फुटले नव्हते, आंबिल ओढ्याच्या पट्ट्यात काही तासांच्या पावसाने घरांत पाणी शिरले आणि माणसे दगावली. २५ जुलै २०२४ च्या पुरात सिंहगड रस्त्यावरची एकतानगरी पाण्याखाली गेली, आणि त्याच पहाटे डेक्कनजवळच्या पुलाच्या वाडीत हातगाडी हलवणारे तिघे विजेच्या धक्क्याने गेले. पाण्याइतकीच भीती पाण्यात उतरलेल्या विजेची असते. साचलेल्या पाण्यातून चालताना विजेचे खांब, रोहित्र, लोखंडी फलक आणि टपऱ्या यांपासून लांब राहावे. गुडघ्यावर पाणी असेल तर दुचाकी ढकलत पुढे नेण्याचा हट्ट करू नये. खडकवासल्यातून विसर्ग वाढल्याची बातमी आली की भिडे पूल पाण्याखाली जातो. तेव्हा पेठेतून डेक्कनकडे येणाऱ्यांनी निघण्यापूर्वीच दुसरा पूल ठरवावा, अडथळ्यापाशी जाऊन ‘जरा बघू’ म्हणू नये.

आवारातली मोठी झाडे ही गणेशखिंडीची शोभा आहे, आणि एप्रिल-मेमधल्या वळवाच्या पावसात तोच धोका. गुलमोहर आणि पर्जन्यवृक्ष वादळात फांद्या टाकतात, कधी मुळासकट कोसळतात. वारा सुटला की झाडाखाली आडोसा घेऊ नये आणि दुचाकीही तेथे लावू नये. विजा चमकत असताना मैदान, गच्ची आणि एकटे झाड ही तिन्ही ठिकाणे सोडून पक्क्या इमारतीत किंवा बंद मोटारीत जावे, आणि शेवटचा गडगडाट ऐकल्यावर अर्धा तास तेथेच थांबावे. पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने तयार केलेले ‘दामिनी’ हे ॲप आपल्या आसपास वीज पडते आहे का हे सांगते. क्रिकेटच्या संघातल्या एकाने तरी ते घेऊन ठेवावे.

पावसाळ्यानंतरही पाण्याचा प्रश्न संपत नाही. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता, धायरी आणि किरकटवाडी परिसरात गुलियन-बॅरे सिंड्रोम या हातापायांतली ताकद घालवणाऱ्या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण एकाएकी वाढले तेव्हा दूषित पाण्याकडे बोट दाखवले गेले. खोलीवर टँकरचे पाणी येत असेल तर पिण्यासाठी ते उकळूनच घ्यावे. जुलाबांनंतर काही दिवसांनी पायांत मुंग्या येऊन ताकद जाऊ लागली तर ‘अशक्तपणा असेल’ म्हणून न थांबता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

भूकंपाविषयी एवढेच : ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा आणि ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा, दोन्ही धक्के पुण्यात जाणवले होते आणि दोन्ही माणसे झोपेत असताना आले. हलू लागले की जिन्याकडे पळू नये. खाली वाकावे, टेबलाखाली शिरावे, डोके झाकावे, टेबलाचा पाय धरून ठेवावा आणि हादरे थांबल्यावर मोकळ्या मैदानात जावे.

पाचवी पायरी : साप आणि आग्या मोहोळ

शहरातल्या मार्गदर्शिकांत हे प्रकरण सहसा नसते, पण गणेशखिंड, पाषाण आणि वेताळ टेकडीच्या कडेला राहणाऱ्यांना ते हवेच. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे आपल्याकडचे चार प्रमुख विषारी साप. घोणस कुकरच्या शिट्टीसारखा मोठा फुत्कार सोडते; तो आवाज ऐकल्यावर जागच्या जागी थांबून, ती कोठे आहे हे पाहून मागे सरकावे. मण्यार रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते आणि तिचा दंश कित्येकदा दुखतही नाही. पहाटे पोटात दुखते आहे, पापण्या जड होऊन मिटत आहेत आणि बोलताना जीभ अडखळते आहे असे कोणी सांगू लागला, तर खूण दिसो वा न दिसो, मण्यारीचा संशय धरावा. म्हणून पावसाळ्यात गादी जमिनीवर घालू नये, मच्छरदाणीच्या कडा गादीखाली खोचाव्यात, बूट झटकून घालावेत आणि रात्री मेसकडे जाताना मोबाइलचा प्रकाश समोर न धरता पायाजवळ धरावा.

दंश झाल्यावर पट्टी आवळणे, ब्लेडने चिरणे, तोंडाने ओढणे, मिरची खायला घालणे, हे सारे टाळावे. हे उपाय वेळ घालवतात आणि जखम वाढवतात. अंगठी, घड्याळ, कडे काढावे, कारण सूज येते. दंशाचा हात किंवा पाय फळीला बांधून हलणार नाही असा ठेवावा, चालू देऊ नये, वेळ लिहून ठेवावी आणि १०८ ला फोन करून सर्पदंश आहे हे स्पष्ट सांगावे, म्हणजे प्रतिविष असलेल्या रुग्णालयात नेता येते. गणेशखिंडीला औंधचे जिल्हा रुग्णालय जवळ आहे. पुणे स्टेशनजवळचे ससून हे मोठे सरकारी रुग्णालय आहे. गाडी मिळतच नसेल तर दुचाकीवर रुग्णाला मध्ये बसवून, मागे एकाने धरून न्यावे. साप मारून पिशवीत घालून आणण्याची गरज नाही. लांबून फोटो निघाला तर ठीक, नाही तर लक्षणे पाहून डॉक्टर ठरवतात. खोलीत साप दिसला तर दार बंद करून फटीला कापड लावावे, त्याच्यावर लांबून नजर ठेवावी आणि सुरक्षा कक्षामार्फत सर्पमित्राला बोलवावे.

आग्या मोहोळ जुन्या दगडी इमारतींच्या कमानींखाली आणि उंच झाडांवर लटकलेले असते. त्याखाली धूर करू नये, दगड मारू नये, ड्रोन उडवू नये. माशा उठल्या तर हात झटकत उभे राहू नये; सदऱ्याने किंवा ओढणीने तोंड झाकून सरळ जवळच्या खोलीत शिरावे आणि दार लावावे. काटे नखाने किंवा ओळखपत्राच्या कडेने लगेच खरवडून काढावेत. ओठ सुजले, घसा आवळला, श्वास लागला, तर ती ॲलर्जी आहे आणि तेथे मलम शोधण्यात वेळ दवडू नये.

सहावी पायरी : माणूस कोसळला तर

खांदे हलवून मोठ्याने हाक मारावी. प्रतिसाद नाही आणि श्वास चालत नाही, किंवा मधूनच आचके दिल्यासारखा चालतो, तर हृदय थांबले आहे असे समजून छातीदाब सुरू करावेत. माणसाला कठीण जमिनीवर उताणे झोपवून छातीच्या मधोमध एका तळहाताची टाच, त्यावर दुसरा हात, कोपरे ताठ. पाच ते सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० या गतीने, आणि प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यावी. दोन मिनिटांत करणारा थकतो. दुसऱ्याने लगेच जागा घ्यावी. तोंडाने श्वास देणे येत नसेल तर नुसते दाब देत राहिले तरी चालते. बरगडी मोडेल या भीतीने हळूहळू दाबणाऱ्यांना मी सांगत आलो आहे की बरगडी जुळते.

मिरगीचा झटका आलेल्याच्या नाकाशी कांदा किंवा चप्पल धरणे हा आपल्याकडचा हमखास प्रयोग आहे आणि तो पूर्ण निरुपयोगी आहे. तोंडात चमचा घालू नये, हातपाय दाबून धरू नयेत. आसपासची खुर्ची-बाके सरकवावीत, डोक्याखाली दप्तर ठेवावे, घड्याळ पाहावे, झटका थांबल्यावर कुशीवर वळवावे. पाच मिनिटांत झटका थांबला नाही किंवा लागोपाठ दुसरा आला तर १०८.

रस्त्यावरच्या अपघातात जखमीला मदत केली तर आपणच पोलीस चौकीच्या फेऱ्यांत अडकू, ही भीती अजून आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने घातलेले कलम १३४-अ अशा मदतकर्त्याला संरक्षण देते, आणि आपले नाव सांगण्याची सक्ती त्याच्यावर करता येत नाही. राहिला हेल्मेटचा विषय. त्यावर पुण्यात वाद घालण्याची माझी हौस फिटली आहे. घालावे.

सातवी पायरी : माणसांपासूनचा धोका

१३ फेब्रुवारी २०१० ला कोरेगाव पार्कमधील जर्मन बेकरीत आणि १ ऑगस्ट २०१२ ला जंगली महाराज रस्त्यावर बॉम्बस्फोट झाले. बेवारस पिशवी दिसली तर तिला हात न लावता, तिच्याजवळ मोबाइल न वापरता, लोकांना लांब करून ११२ ला कळवावे. बहुतेक वेळा ती कोणाची तरी विसरलेली डब्याची पिशवी निघते. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही.

रॅगिंगविरुद्ध महाराष्ट्रात १९९९ पासून कायदा आहे आणि विद्यापीठ अनुदान आयोगाची २००९ ची नियमावली सर्वत्र लागू आहे. आयोगाचा मदत क्रमांक १८००-१८०-५५२२ असून तेथे नाव उघड न करता तक्रार करता येते. लैंगिक छळाची तक्रार संस्थेच्या अंतर्गत समितीकडे घटनेपासून तीन महिन्यांत लेखी द्यावी. सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने मुदत वाढवू शकते. गुन्हा कोणत्या पोलीस ठाण्याच्या हद्दीत घडला यावरून तक्रार नाकारता येत नाही : शून्य क्रमांकाने नोंद करून ती योग्य ठाण्याकडे पाठवणे हे पोलिसांचे काम आहे. संदेश, फोटो, फोनच्या नोंदी यांतले काहीही संतापाने पुसून टाकू नये. ‘तुम्ही डिजिटल अटकेत आहात’ असे सांगणारा व्हिडिओ कॉल आला तर तो बंद करावा, कारण कायद्यात अशी अटकच नाही. पैसे गेले असतील तर पहिल्या तासातच १९३० ला कळवावे.

आणि एक धोका जो बाहेरून येत नाही. परीक्षेचा निकाल, घरचे कर्ज, मोडलेले प्रेम यांपैकी कशानेही खचलेला मित्र वस्तू वाटून टाकू लागला, निरोपाची भाषा बोलू लागला, तर त्याला थेट विचारावे : ‘जीव द्यायचा विचार येतो का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. उपदेश करू नये, एकटे सोडू नये, १४४१६ ला आपल्यासमोर फोन लावून द्यावा, आणि त्याच रात्री वडीलधाऱ्या कोणाला तरी सांगावे, त्याने ‘कोणाला सांगू नको’ अशी शपथ घातली असली तरी.

आठवी पायरी : पिशवी आणि सराव

दाराच्या खिळ्याला एक छोटी पिशवी टांगलेली असावी : टॉर्च, शिट्टी, भरलेली पॉवर बँक, पाण्याची बाटली, चालू औषधांचा तीन दिवसांचा साठा, थोडी रोख रक्कम आणि कागदपत्रांच्या छायाप्रती. वीज गेली की यूपीआयही ठप्प होते, म्हणून शंभराच्या चार-पाच नोटा हव्यातच.

सराव सत्राच्या पहिल्या पंधरवड्यात, रात्री, न सांगता करावा. सकाळी अकराला सूचना लावून, गणवेशातल्या पाहुण्यांसमोर आणि छायाचित्रकारासह केलेल्या सरावात सगळे नीट पार पडते आणि काहीच कळत नाही. मजल्यावरचे दिवे घालवावेत, घंटा वाजवावी, शेवटचा माणूस मैदानात येईपर्यंतचा वेळ मोजावा आणि हजेरी घ्यावी. आमच्या वसतिगृहात पहिल्या सरावात दोघे जण खाली आलेच नाहीत : एक कानात इयरफोन घालून झोपला होता, आणि दुसरा कुबड्या घेऊन चालणारा, ज्याला खाली कोणी आणायचे हे ठरलेलेच नव्हते. त्याच रात्री त्याच्या शेजारच्या दोन खोल्यांतल्या चौघांची नावे लिहून ती त्याच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवली, आणि दुसऱ्या दिवशी मागच्या फाटकाची जादा किल्ली करून घेतली.